‘नणंदेचं लग्न पार पडू दे, मग दाखवते’

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात): बत्तीस वर्षांच्या एका ताईंच्या डाव्या हातावर, कोपराखाली, दहा महिन्यांपासून फिकट चट्टा आहे. खाज नाही, दुखणं नाही. नायटा समजून दुकानातून तीन वेळा मलम आणून लावलं, फरक पडला नाही. मध्यंतरी त्याच जागी तापलेलं भांडं लागलं. फोड आल्याचं संध्याकाळी दिसलं, भाजताना कळलंच नव्हतं. दोन महिन्यांपासून कपडे पिळताना करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जोर धरत नाही. घरोघरी तपासणीला आलेल्या आशाताईंनी दारातच, सासूबाईंच्या समोर, ‘कोणाच्या अंगावर चट्टा आहे का?’ असं विचारलं. ताई ‘नाही’ म्हणाल्या. नणंदेचं लग्न पाच महिन्यांवर आहे. सासूबाईंच्या माहेरी एका नातेवाइकाला कुष्ठरोग झाल्यावर आयुष्यभर मागच्या खोलीत ठेवलं होतं, ही गोष्ट त्या अजून सांगतात. पती कामासाठी बाहेरगावी असतात, महिन्यातून एकदा येतात. चार वर्षांच्या मुलीला ताई हल्ली जवळ झोपवत नाहीत. त्या विचारतात: ‘दहा महिने गेले, आणखी पाच गेले तर काय बिघडणार? लग्न झालं की लगेच दाखवते. तोवर घरात कोणाला लागू नये म्हणून काय करू?’

ताई,

पत्रात तुम्ही चट्ट्याबद्दल भरभरून लिहिलंय आणि करंगळीबद्दल एकच वाक्य. मला मात्र त्या एका वाक्याची जास्त काळजी वाटली, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पत्रावरून निदान होत नाही, आणि मी ते करणारही नाही. पण खाज नसलेला फिकट चट्टा, त्यावर भाजल्याचं न कळणं आणि त्याच हाताच्या बोटांची ताकद कमी होणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की सर्वात आधी कुष्ठरोग आहे की नाही हे पाहावं लागतं. या आजाराचे जंतू कातडीत आणि कातडीजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंमध्ये, म्हणजे आपण ज्यांना नसा म्हणतो त्यांच्यात, राहतात. कोपर आतल्या बाजूने कुठे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते ना, ती नस तिथे हाडाच्या खोबणीतून जाते. तिला सूज आली की त्या अरुंद जागेत ती दाबली जाते. मग करंगळीत मुंग्या येतात, पकड सैल होते आणि शेवटी करंगळी व अनामिका आत वळून तशाच राहतात.

वळलेली बोटं पुढे औषधाच्या गोळ्यांनी सरळ होत नाहीत. पण नस नुकतीच दुबळी झाली असेल तर तिची सूज उतरवण्याचं औषध आहे. प्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड डॉक्टर पूर्ण मात्रेत सुरू करतात आणि कित्येक आठवडे हळूहळू कमी करत नेतात. ताकद जायला लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत हे सुरू झालं तर ती परत येण्याची चांगली शक्यता असते. त्यानंतर ती फार कमी होते.

आता तुमचाच हिशेब मांडू. बोटं दोन महिन्यांपासून जोर धरत नाहीत. लग्न पाच महिन्यांनी. म्हणजे तुम्ही ठरवलेल्या दिवशी सात महिने झालेले असतील. ‘आणखी पाच महिन्यांनी काय बिघडणार’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. दहा महिने चट्ट्याने काही केलं नाही म्हणून पुढचे पाच महिने नसही काही करणार नाही, असं धरून चालता येत नाही.

उशीर होण्यात तुमचा निष्काळजीपणा आहे असं मला मुळीच वाटत नाही. जो त्रास दुखतो तो माणसाला दवाखान्यात नेतो, हा दुखतच नाही. तुम्ही मलम आणलंत, म्हणजे दुर्लक्ष केलं नव्हतं. नायटा आणि हा चट्टा यांतला फरक दुकानदाराने सांगितला नाही. नायट्याला खाज येते, कडा उठलेल्या असतात. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा होतो, पण त्यावर स्पर्श नीट कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा पूर्ण पांढरा होत नाही, आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट किंवा लालसर असतो आणि बहुधा बधिर असतो. दुकानातल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने लाली काही दिवस दबते आणि गुण येतोय असं वाटतं. या आजारात कित्येकांचे पहिले काही महिने असेच जातात.

आणि सासूबाई शेजारी उभ्या असताना दारात विचारलेल्या प्रश्नाला कोणती सून ‘हो’ म्हणेल? हे सदर वाचणाऱ्या आशाताई आणि परिचारिकांना माझी कळकळीची विनंती आहे: हा प्रश्न बाईला एकटीला, आतल्या खोलीत विचारा. आणि ‘चट्टा आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. हातापायाला मुंग्या येतात का, चप्पल पायातून न कळत निसटते का, भाजल्याचं उशिरा कळलं का, तेही विचारा. चट्टा म्हटलं की घाबरणारी बाई चप्पल निसटते हे सहज सांगून जाते.

आता तुमच्या भीतीकडे येते. ती खोटी नाही. सासूबाईंनी जे पाहिलं ते खरंच घडलं होतं, पण ते दुसऱ्या काळातलं होतं. 1940 च्या दशकात डॅप्सोन हे औषध आलं, पण ते एकटं वर्षानुवर्षं, अनेकांना जन्मभर घ्यावं लागे आणि पुढे जंतू त्याला दाद देईनासे झाले. तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत, जिला एमडीटी म्हणतात, जागतिक आरोग्य संघटनेने 1981 साली सुचवली. आता सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पूर्ण होतो. एमडीटीतल्या रिफाम्पिसिनची पहिली मात्राच बहुतेक सगळे जिवंत जंतू मारते. त्यानंतर रुग्णाकडून दुसऱ्याला संसर्ग होण्याचा धोका जवळजवळ संपतो. मागच्या खोलीत ठेवलेल्या त्या माणसाला हे औषध मिळालं नव्हतं. तुम्हाला ते याच आठवड्यात मिळू शकतं.

तुमच्या बेताच्या मुळाशी एक समजूत आहे: दवाखान्यात गेलं की गुपित फुटेल, घरी राहिलं की टिकेल. मला हे उलट दिसतं. चट्टा बाहीखाली झाकता येतो, वळलेली करंगळी झाकता येत नाही. पुरता न मिटणारा डोळा, लुळं पडलेलं पाऊल, तळव्याची न भरणारी जखम, लोक ‘रोग’ म्हणून ज्यांना ओळखतात ती ही सगळी लक्षणं उशिराची आहेत. वेळेवर उपचार झालेला माणूस तुमच्या शेजारी बसला तर तुम्हाला कळणारही नाही. भीतीमुळे उशीर होतो, उशिरामुळे विकृती येते, आणि ती विकृती पाहून पुढचा माणूस घाबरतो. तुम्हाला कोणाला कळू द्यायचं नसेल तर त्याचा सर्वात भरवशाचा मार्ग लवकर उपचार हाच आहे.

मग जायचं कसं? तुमच्यापुढे तीन वाटा आहेत: लग्नापर्यंत थांबणं, कोणालाही न सांगता एकटीने उपचार घेणं, किंवा एका माणसाला सांगून जाणं. पहिलीचा हिशेब वर झाला. दुसरी तुम्हाला सोपी वाटेल, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

एकटीने, गुपचूप उपचार घेता येतात. अडचण पहिल्या दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येते. औषध अठ्ठावीस दिवसांच्या पाकिटात मिळतं. प्रौढ माणसाला पहिल्या दिवशी आरोग्य कर्मचाऱ्यासमोर रिफाम्पिसिन 600 मिलिग्रॅम, क्लोफाझिमिन 300 मिलिग्रॅम आणि डॅप्सोन 100 मिलिग्रॅम घ्यायचं असतं. उरलेले दिवस घरी रोज डॅप्सोन 100 आणि क्लोफाझिमिन 50 मिलिग्रॅम. पाचपर्यंत चट्टे असतील तर साधारणपणे पीबी, म्हणजे कमी जंतूंचा गट, सहा पाकिटं, ती नऊ महिन्यांच्या आत संपवायची. त्याहून जास्त चट्टे असतील किंवा एकाहून अधिक नसा धरल्या असतील तर एमबी, म्हणजे जास्त जंतूंचा गट, बारा पाकिटं, अठरा महिन्यांच्या आत. 2018 पासून जागतिक आरोग्य संघटना दोन्ही गटांना तीच तीन औषधं सुचवते, फक्त मुदत वेगळी.

रिफाम्पिसिन घेतल्यावर एक दिवस लघवी लालसर-केशरी होते. ते रक्त नसतं. पण हे माहीत नसलेली माणसं इथेच घाबरून औषध सोडतात. क्लोफाझिमिनने दोन-तीन महिन्यांत कातडी, विशेषतः चट्ट्याची जागा आणि चेहरा, काळपट-तांबूस होऊ लागते आणि कोरडी पडते. हे मी लपवणार नाही: लग्नाच्या वेळी तुमचा रंग थोडा गडद झालेला असेल आणि कोणीतरी ‘काय गं, काळवंडलीस’ म्हणेलच. औषध संपल्यावर हा रंग काही महिन्यांत हळूहळू उतरतो, कोणाला जास्त वेळ लागतो. रोज तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर कोरडेपणा आटोक्यात राहतो. ‘त्वचेच्या औषधाने रंग बदललाय, डॉक्टर म्हणाले जाईल’ हे उत्तर पुरेसं आहे आणि खरंही आहे.

डॅप्सोनबद्दल मात्र घरातल्या एका तरी माणसाला माहीत असायलाच हवं. क्वचित कोणाला, बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत, ताप, अंगभर खाजरं पुरळ, डोळे पिवळे होणं असं काही सुरू झालं तर गोळी त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठायचा असतो. त्याने रक्तही थोडं कमी होतं, म्हणून सुरुवातीला हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि दम लागणं किंवा फिकेपणा वाढला तर सांगा. तुमची ताईगिरी अशी की हे सगळं अंगावर काढाल. म्हणूनच मला दुसरी वाट पसंत नाही.

आणखी एक गोष्ट एकटीने निभावणं कठीण जातं. उपचार चालू असताना, कधी तो संपल्यानंतरही, शरीर मेलेल्या जंतूंवर एकदम चवताळून उठतं. चट्टा सुजतो, लाल आणि गरम होतो, नस दुखते, किंवा अंगावर दुखऱ्या गाठी येतात आणि ताप भरतो. याला ‘रिॲक्शन’ म्हणतात. रुग्णाला वाटतं औषध उलटलं, आणि तो एमडीटी सोडून देतो. एमडीटी चालूच ठेवायची असते आणि रिॲक्शनचं औषध त्याच्या जोडीला लगेच, एक-दोन दिवसांत सुरू करायचं असतं. रात्री कोपर ठणकायला लागलं आणि घरात कोणाला काहीच माहीत नसलं, तर तुम्ही ‘पुढच्या पाकिटाच्या वेळी सांगू’ म्हणाल. त्या तीन आठवड्यांत नस जाऊ शकते.

म्हणून तिसरी वाट. सगळ्या घराला सांगायची गरज नाही. एकाला सांगा. मला वाटतं ती व्यक्ती तुमचे पती असावेत. ते समजूतदार आहेत की नाहीत हे पत्रात नाही. पण त्यांचीही तपासणी करावी लागणार आहे, त्यामुळे आज ना उद्या त्यांना कळणारच. तुमच्याकडून, निदान हातात असताना कळलेलं बरं. फोनवर सांगायचं असेल तर रोगाच्या नावाने सुरुवात करू नका. ‘हाताची नस सुजलीय, दोन बोटांची ताकद कमी झालीय, डॉक्टरला दाखवायला जातेय’ असं म्हणा. तपासणी झाली की दुसऱ्या फोनवर तीन वाक्यं: आजाराचं नाव, औषध सुरू केलंय, आता माझ्याकडून कोणाला लागत नाही. ‘महारोग’ हा शब्द वापरू नका. तो ऐकला की पुढचं वाक्य कोणी ऐकत नाही.

पतीला सांगितल्यावर मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी खरी भीती असेल, तर आधी बहीण, आई, मैत्रीण यांच्यापैकी ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना सांगा आणि उपचार सुरू करा. घरात सांगण्याची घाई नाही, औषधाची आहे.

जवळच्या आरोग्य केंद्रात ओळखीची माणसं असतील तर तिथेच जायचं असं बंधन नाही. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालयाचा त्वचारोग विभाग, वैद्यकीय महाविद्यालय, कुठेही दाखवा. खासगी त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान करून घेतलंत तरी चालेल. एमडीटीची पाकिटं सरकारी यंत्रणेतून मोफत मिळतात. केसपेपर काढताना खिडकीवर ‘हाताला बधिरपणा, पकड सैल’ एवढंच सांगा, ते खरंच आहे. आत डॉक्टरांना मात्र काही गाळू नका. चट्टा किती महिन्यांपासून, भाजल्याचं कळलं नाही ते, बोटांची ताकद कधीपासून कमी, कोणतं मलम किती दिवस लावलं, पाळीची तारीख, गर्भनिरोधक गोळी चालू असल्यास तीही. दिवस गेलेले असले तरी एमडीटी घेता येते आणि अंगावर पाजतानाही चालते. पण गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर रिॲक्शनवर जास्त लक्ष ठेवावं लागतं, म्हणून सांगणं गरजेचं.

चट्ट्यावर कापसाची बारीक वात टेकवून स्पर्श तपासला जातो. आधी डोळे उघडे ठेवून दाखवतात, मग डोळे मिटायला सांगून चांगल्या कातडीवर आणि चट्ट्यावर आळीपाळीने टेकवतात, आणि जिथे कळलं तिथे तुम्ही बोट ठेवायचं. कापूस ओढायचा नसतो, नुसता टेकवायचा. दर वेळी ‘समजतंय का?’ असं विचारलं की माणूस अंदाजाने ‘हो’ म्हणतो आणि बधिरपणा हुकतो. म्हणून कोणी घाईत तसं विचारू लागलं तर ‘मी बोट ठेवून दाखवते’ म्हणा. त्यानंतर कोपर, मनगट, मान, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोट्याच्या आतली बाजू इथल्या नसा हाताने चाचपून पाहायला हव्यात आणि बोटं, पाऊल, पापणी यांची ताकदही. हे झालं नाही तर ‘माझ्या नसा तपासल्या का?’ असं विचारा. संकोच करू नका. चट्टा पाहून पाकीट दिलं आणि नस पाहिलीच नाही, तर तुमच्या करंगळीचा प्रश्न तसाच राहील.

रक्ताच्या तपासणीत हा आजार दिसत नाही. ‘रक्त नॉर्मल आलं’ म्हणून निर्धास्त झालेली माणसं वर्षभराने वाकडी बोटं घेऊन येतात. कातडीला बारीक चीर देऊन घेतलेल्या नमुन्यातही थोडे चट्टे असणाऱ्यांत जंतू बहुधा सापडत नाहीत. निश्चित बधिर असलेला चट्टा निदानाला पुरतो.

आता मुलगी.

तिला जवळ न झोपवणं तुम्ही तिच्या भल्यासाठी सुरू केलंत हे कळतं. पण वेगळं अंथरूण, वेगळं ताट, वेगळा टॉवेल याने हा आजार थांबत नाही. तो भांड्यांतून, कपड्यांतून, हात लावल्याने लागत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून उडणाऱ्या तुषारांतून, दीर्घकाळच्या निकट सहवासात तो पसरतो. बहुतेक माणसांत त्याला रोखण्याची ताकद निसर्गतःच असते. आणि या आजाराला उगवायला सरासरी पाच वर्षं, कधी वीस वर्षंही लागतात. म्हणजे गेल्या महिन्यापासून मुलीला दूर ठेवून तुम्ही तिला आईपासून दूर केलंत, आजारापासून नाही. तिला खरं संरक्षण देणारं पहिलं काम म्हणजे तुमची पहिली मात्रा. दुसरं म्हणजे तिची आणि घरातल्या सगळ्यांची कातडीची तपासणी. तिसरं, त्यांना रिफाम्पिसिनची एकच प्रतिबंधक मात्रा. आपल्याकडे 2018 पासून ती राष्ट्रीय कार्यक्रमात देतात. ती दोन वर्षांच्या वरच्या मुलांना वजनानुसार देता येते, मात्र आधी क्षयरोग आणि खुद्द कुष्ठरोग नाही हे पाहावं लागतं. तिने धोका अर्ध्याच्या आसपास कमी होतो, संपत नाही. म्हणून पुढची काही वर्षं तिच्या अंगावर नवा फिकट डाग दिसला तर दाखवायचा.

इथे गुपिताचा प्रश्न पुन्हा येतो. प्रतिबंधक मात्रा द्यायला कर्मचारी घरी आणि शेजारीही जातात. तुमचं नाव न घेता हे करता येतं, आणि नाव सांगायचं की नाही यात तुमची संमती घ्यायला हवी. पहिल्याच भेटीत वैद्यकीय अधिकारी किंवा कुष्ठरोग तंत्रज्ञांना स्पष्ट सांगा: ‘माझ्या घरी नाव न घेता सर्वांची त्वचा तपासणी करा, आणि शेजारी माझ्या संमतीशिवाय काही सांगू नका.’ गृहभेटीची वेळही ठरवून घ्या.

लग्न मोडेल का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, ते दोन्हीकडच्या माणसांवर आहे. एवढं मात्र नक्की की हा आजार आनुवंशिक नाही. तो एका जंतूने होतो, हे नॉर्वेत डॉ. हॅन्सेन यांनी 1873 मध्ये शोधून काढलं. नणंद तुमच्या रक्ताची नाही, आणि असती तरी तिच्या मुलांना तो जन्माने मिळत नाही. मुलाकडच्यांना सांगण्यासारखं यात काही नाही. तुमच्या स्वतःच्या संसाराबद्दल: कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते 2019 मध्ये काढून टाकण्यात आलं. कोणी ‘कायद्याने तुला सोडता येतं’ अशी धमकी दिली तर ती खोटी आहे. लग्नघरात हातावर मात्र काम पडेल. बधिर हाताने गरम भांडं उचलताना जाड फडक्याची चुंबळ घ्या, पाणी कडक आहे का ते चांगल्या हाताने पाहा, आणि रात्री दोन्ही हात उजेडात उलटसुलट बघा, कारण फोड तुम्हाला दुखून कळणार नाही.

सासूबाईंना कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. सांगायचंच झालं तर औषध सुरू होऊन दोन-तीन महिने झाल्यावर, हातात पाकीट घेऊन सांगा. त्यांनी पाहिलेल्या माणसाला हे पाकीट मिळालं नव्हतं, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे. डॉक्टरांकडे एकदा घेऊन गेलात तर आणखी बरं. त्यांच्या पिढीच्या माणसाला सुनेपेक्षा डॉक्टरांचं पटतं, आणि यात राग मानण्यासारखं काही नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं लिहिते. भारतात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात. यात रोजंदारीवर जाणारी माणसंही आहेत, ज्यांना दिवस बुडतो म्हणून महिन्याची फेरी चुकते. त्यांनी पहिल्याच भेटीत हे सांगावं. अडचण असेल तर एकापेक्षा जास्त पाकिटं बरोबर देता येतात, कामाच्या गावी उपचार वर्ग करून घेता येतात. ज्यांच्या तळव्याला जखम आहे ते लाजेने चपला काढायचं टाळतात आणि त्यामुळे दवाखानाही टाळतात. त्यांनी रोज वीस मिनिटं साध्या पाण्यात पाय भिजवावे, कडक झालेली कातडी हलकेच घासावी, ओलसर पायालाच तेल लावावं, जखम स्वच्छ फडक्याने झाकावी आणि तिच्यावर भार देऊ नये. पाणी कोमटही नको, बधिर पायाला कढत कळत नाही. मऊ तळाच्या एमसीआर चपला कुष्ठरोग कार्यक्रमात मिळतात. त्या दिसायलाही आता साध्या चपलांसारख्या असतात, त्यांवरून कोणी ओळखेल म्हणून घालायचं टाळू नका.

घरात कोणी असा चट्टा लपवतंय असं वाटत असेल तर ‘दाखव बघू’ म्हणून सर्वांसमोर बाही वर करू नका. एकांतात, ‘तुझी पकड सैल झालेली दिसते, मी बरोबर येते’ म्हणा. आणि खरंच बरोबर जा.

ताई, उपचार सुरू झाल्यावर दर महिन्याला पाकीट आणताना घरीच या हालचाली करून बघा: करंगळी बाजूला नेऊन दुसऱ्या हाताने आत ढकलताना ती किती टिकते, अंगठा तळहातापासून वर सरळ उभा राहतो का, मनगट वर उचललेलं ठेवता येतं का, पाऊल वर उचलता येतं का, डोळे हलकेच मिटल्यावर फट राहते का. मागच्या महिन्यापेक्षा एक जरी गोष्ट कमी वाटली तर पाकिटाच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि तपासणीत हा कुष्ठरोग नाही असं निघालं, तर आनंदच आहे, पण तेवढ्यावर उठून येऊ नका. बधिरपणा आणि बोटांची कमी झालेली ताकद तरीही उरतेच. ‘मग ही नस कशाने दबलीय?’ हा प्रश्न तिथेच विचारा आणि त्याचं उत्तर केसपेपरवर लिहून घ्या.